कुठेही न जाणारे रस्ते

‘दुष्काळी काम’ हे दोन शब्द मराठी घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. खडी फोडणारे हात, पाझर तलाव, मस्टरवरचा अंगठा, रखडलेला पगार आणि सुकडी, हे सारे बहात्तरच्या दुष्काळाने महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या आठवणीत कायमचे ठेवून दिले आहे. आपल्यापैकी अनेकांची घराणी पिढ्यानपिढ्या बडोद्यात आहेत. तरी गावाकडून आलेली ती पत्रे आणि ती माणसे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. इथल्या गुजराती शेजाऱ्यांकडे ‘छप्पनियो’ म्हटले की संवत १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा दुष्काळ डोळ्यांसमोर येतो. भुकेल्या माणसाला सरकारने काम द्यायचे, त्या कामाची मजुरी द्यायची आणि त्या मजुरीवर त्याने पुढच्या पिकापर्यंत तग धरायचा, ही पद्धत आपल्या चांगलीच परिचयाची आहे.

ही पद्धत किती मोठ्या प्रमाणावर राबवता येते आणि ती राबवताना काय काय बिघडू शकते, हे १८४६-४७ च्या हिवाळ्यात आयर्लंडने पाहिले. सात लाखांहून अधिक माणसे सरकारी कामांवर होती आणि तरीही लोक मरत होते. काही तर हातात फावडे असतानाच मेले. असे का झाले, हा प्रश्न आयर्लंडपुरता नाही. त्या हिवाळ्यात तयार झालेले काही विचार पुढे जहाजात बसून आपल्याकडेही आले. म्हणून ती हकीकत मुळातून पाहण्याजोगी आहे.

बटाट्यावर उभा असलेला देश

१८०१ पासून आयर्लंड ब्रिटनच्या संयुक्त राज्याचा भाग होता. त्याचे खासदार लंडनच्या पार्लमेंटात बसत. १८४१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. जमीन मात्र थोड्या जमीनदारांच्या हातात होती आणि त्यांतले पुष्कळ जण इंग्लंडमध्ये राहून खंड वसूल करत. खाली कुळे, त्यांची पोटकुळे आणि त्याखाली हंगामापुरता जमिनीचा तुकडा घेऊन बटाटा लावणारे मजूर अशी उतरंड होती. धान्य आणि जनावरे खंड भरण्यासाठी विकायची आणि पोट बटाट्यावर भरायचे, असा हिशेब होता. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. सोबत ताक मिळाले तर जेवण पूर्ण झाले.

बटाट्याचा एक दोष होता. तो वर्षभर टिकत नसे. जुने बटाटे संपल्यापासून नवे निघेपर्यंतचे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने दरवर्षीच उपासाचे असत. आपल्याकडे आषाढात कणगी रिकामी होते, तसेच हे. डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १८३६ मध्ये सांगितले की, सुमारे २३ लाख ८५ हजार लोक वर्षातले ३० आठवडे मदतीशिवाय जगू शकत नाहीत. म्हणजे हा दुष्काळाचा नव्हे, तर नेहमीच्या दारिद्र्याचा आकडा होता. आयोगाचे म्हणणे असे होते की, ज्याला काम करायचे आहे पण काम मिळतच नाही, त्याला अनाथालयासारख्या गृहात कोंडून काय साधणार? पाणथळ जमिनींचा निचरा करा, जमीन सुधारा, ज्यांना देशांतर करायचे असेल त्यांना मदत करा.

सरकारला हा अहवाल महागडा वाटला. जॉर्ज निकोल्स नावाच्या अधिकाऱ्याला आयर्लंडला पाठवण्यात आले आणि त्यांच्या शिफारशीवरून १८३८ मध्ये इंग्लंडच्या धर्तीवरचा गरिबांचा कायदा झाला. देशाचे १३० विभाग पाडून प्रत्येकात एक ‘वर्कहाउस’ उभारण्यात आले. आत गेल्यावर नवरा, बायको, मुले वेगळी व्हायची. अन्न जेमतेम, काम रटाळ आणि शिस्त कडक. बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही आतले जिणे कमी सुखाचे असले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. खरा गरजू असेल तोच आत येईल, बाकीचे परस्पर गळून जातील, अशी ही चाळणी होती. ही चाळणी या लेखात पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आधी झालेली चांगली कामे

सरकारी मदतकामे आयर्लंडला नवीन नव्हती. १८२२ मध्ये पश्चिमेकडे बटाटा बुडाला, तेव्हा सरकारने अलेक्झांडर निमो या स्कॉटिश अभियंत्याकडे तिकडची कामे सोपवली. गॉलवेच्या पलीकडचा कॉनेमारा हा डोंगर, दलदल आणि समुद्र यांत अडकलेला प्रदेश. चाकाची गाडी जाईल असा रस्ता तिथे जवळजवळ नव्हताच. निमोंनी भुकेल्या लोकांना मजुरी देऊन रस्ते काढले, मासेमारीसाठी धक्के बांधले. राउंडस्टोन हे बंदराचे गाव त्यांनीच वसवले. निमो १८३२ मध्ये वारले. ते धक्के आणि ते रस्ते मागे राहिले. लोकांचे पोटही भरले आणि प्रदेशाचा पांगही फिटला. तेव्हा मदतकाम म्हणजे वाया गेलेला पैसाच, असे म्हणता येत नाही. काम कोणते, मजुरी किती आणि ती वेळेवर मिळते का, यावर सगळे अवलंबून असते.

पीलसाहेबांचा मका

१८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावर नवीनच रोग दिसला. शेतात पाने काळी पडत आणि जमिनीतून काढलेले चांगले बटाटे काही दिवसांत कुजून दुर्गंधी सुटे. त्या वर्षी पीक अर्धवट गेले. पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांनी गाजावाजा न करता अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका मागवला आणि १८४६ च्या वसंतात तो सरकारी कोठारांतून साधारण एक पेनी रतल या भावाने विकायला काढला. रतल म्हणजे अर्ध्या किलोला थोडे कमी. लोकांना मका माहीत नव्हता. तो दळायला कठीण, नीट न शिजवला तर पोट बिघडवणारा. तरीही त्याच्यामुळे बाजारभाव आवाक्यात राहिला. जोडीला रस्त्यांची कामे निघाली आणि त्यांचा निम्मा खर्च सरकारने अनुदान म्हणून उचलला. पहिल्या वर्षी उपासमारीने फारसे लोक दगावले नाहीत.

जूनमध्ये पील यांचे सरकार पडले. लॉर्ड जॉन रसेल पंतप्रधान झाले आणि त्याच उन्हाळ्यात बटाटा जवळजवळ संपूर्ण बुडाला.

ट्रेव्हेलियनसाहेब आणि नियमांची चौकट

मदतीची सूत्रे आता लंडनच्या अर्थखात्यातले सहायक सचिव चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या हाती एकवटली. हे नाव हिंदुस्थानला अनोळखी नाही. १८२६ मध्ये ते कंपनी सरकारच्या नोकरीत इकडे आले होते. मेकॉलेची बहीण त्यांची पत्नी. पुढे ते मद्रासचे गव्हर्नर आणि कलकत्त्याच्या सरकारात अर्थखात्याचे सदस्यही झाले. माणूस कामसू, प्रामाणिक, पहाटेपासून टेबलाशी बसणारा. अर्थशास्त्राच्या एका मतावर त्यांची अढळ श्रद्धा होती: धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये आणि फुकटची मदत माणसाला बिघडवते.

ऑगस्ट १८४६ च्या कायद्यातले नियम या श्रद्धेतून आले. सरकार पश्चिमेचा काही भाग वगळता धान्य विकणार नाही. ते व्यापाऱ्यांचे काम. सरकार फक्त रोजगार देईल. त्याचाही सगळा खर्च स्थानिक करदात्यांनी कर्ज म्हणून घ्यायचा आणि व्याजासह फेडायचा. आयर्लंडच्या जमीनदारांनी पोसलेले दारिद्र्य आयर्लंडच्या जमीनदारांनीच निस्तरावे, असा युक्तिवाद होता. तो ऐकायला न्याय्य वाटतो. पण जिथे भूक जास्त, तिथेच कर देणारे कमी आणि बुडालेले. त्यामुळे ज्या भागाला सर्वांत जास्त मदत हवी होती, त्याच्यावरच सर्वांत मोठा बोजा पडला.

आणखी एक अट होती. कामाने कोणा एका जमीनमालकाचा खाजगी फायदा होता कामा नये. शेतातला निचरा, बांधबंदिस्ती, जमीन सुधारणे हे सारे त्या अटीत बसेना. उरले काय? रस्ते, टेकड्यांचे चढ कमी करणे आणि खडी फोडणे. गरज होती तिथले रस्ते पहिल्या काही महिन्यांतच संपले. मग गरज नव्हती तिथे रस्ते निघाले. ऑक्टोबरात आयर्लंडचे मुख्य सचिव हेन्री लाबूशेर यांनी जमिनीच्या निचऱ्याची कामे घ्यायला परवानगी दिली खरी. पण तिच्या अटींमुळे फार थोड्यांनी तिचा लाभ घेतला.

काम मिळायची वाटही लांब होती. तालुक्यातल्या करदात्यांची सभा भरायची, तिने कामे सुचवायची, बांधकाम मंडळाच्या अभियंत्याने ती तपासायची, अर्थखात्याने मंजुरी द्यायची. मग गावच्या समितीने गरजूंची यादी करायची आणि चिठ्ठी असेल त्यालाच कामावर घ्यायचे. शेतात बटाटा कुजायला काही दिवस पुरत. या कागदाला अनेक आठवडे लागत.

एका आठवड्याचा हिशेब

रोजंदारीवर माणूस आळस करतो, या समजुतीने मजुरी शक्यतो मापावर ठेवली गेली. जितकी खडी, तितके पैसे. धडधाकट माणसाला यात बरे पैसे सुटत. पण कामावर आलेली माणसे धडधाकट कुठे होती? महिनाभर अर्धपोटी राहिलेला, अंगावर धड कपडा नसलेला मजूर मापाचे काम पुरे करू शकत नव्हता आणि काम कमी म्हणून मजुरी कमी, मजुरी कमी म्हणून अन्न कमी, अन्न कमी म्हणून काम आणखी कमी, असे रहाट चालू झाले.

रोज आठ पेन्स ही अनेक ठिकाणची मजुरी धरू. आठवड्याचे सहा दिवस काम मिळाले तर ४८ पेन्स होतात. वसंतात एक पेनी रतल असलेले मक्याचे पीठ हिवाळ्यात आडबाजूच्या गावांत अडीच-तीन पेन्सांवर गेले होते. अडीचचा भाव धरला तरी आठवड्याला १९ रतल पीठ आले, म्हणजे पावणेनऊ किलो. घरात सहा माणसे असतील, तर माणशी दिवसाला सुमारे दोनशे ग्रॅम. यात जळण नाही, खंड नाही, औषध नाही. काम करणाऱ्याने थोडे जास्त खाल्ले तर लेकरांच्या तोंडचे जाई. न खाल्ले तर दुसऱ्या दिवशी घण उचलवत नसे.

आणि हे पैसे वेळेवर मिळाले तर! हजारो ठिकाणी कामे, मोजणी करणारे अपुरे, मस्टर अपुरे, पैसे वाटायला लागणाऱ्या चांदीच्या सुट्या नाण्यांचीही टंचाई. आठवड्याची मजुरी दोन दोन आठवडे रखडे.

कॉर्क परगण्यात स्किबरीनजवळ काहेरा इथल्या रस्त्यावर डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर काम करत होता. २४ ऑक्टोबर १८४६ रोजी तो रस्त्याच्या कडेला कोसळून मेला. सुमारे दोन आठवड्यांची मजुरी त्याला मिळायची होती. मृत्यूची चौकशी झाली, पंच बसले. त्यांनी निर्णय दिला की, हा माणूस उपासमारीने मेला आणि त्याला बांधकाम मंडळाचा अक्षम्य हलगर्जीपणा कारणीभूत आहे. स्थानिक पंचांनी सरकारी खात्याचे नाव घेऊन लिहिलेला हा निर्णय आहे. पुढे स्किबरीनचे नाव साऱ्या युरोपात झाले. कॉर्कचे न्यायाधिकारी निकोलस कमिन्स यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टनना पत्राने कळवले आणि ते लंडनच्या ‘टाइम्स’ने नाताळच्या आदल्या दिवशी छापले.

तो हिवाळा एरवीच्या मानाने फार कडक होता. बर्फ पडत होते आणि त्यात बायका, मुले, म्हातारेही खडी फोडायला येऊ लागले. कामावरच्या माणसांचा रोजचा आकडा ऑक्टोबरात एक लाखाच्या थोडा वर होता. डिसेंबरात तो चार लाखांवर आणि मार्च १८४७ च्या सुरुवातीला सात लाख चौदा हजारांवर गेला. घरटी चार-पाच माणसे धरली, तर देशातली जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची प्रजा या मजुरीवर जगू पाहत होती. गर्दीत उवांवाटे पसरणारा ताप सुटला. भुकेपेक्षा त्यानेच जास्त लोक नेले.

सगळे अधिकारी दगडाचे नव्हते. क्लेअर परगण्यातल्या कॅप्टन विन यांनी एका मुकादमावर हल्ला झाल्याने शिक्षा म्हणून गावचे काम बंद ठेवले होते. काही दिवसांनी त्यांनीच वर लिहिले की, बर्फाखालच्या शेतात उरलेसुरले सलगम उकरणाऱ्या बायका आणि थंडीने रडणारी अर्धनग्न पोरे बघून माझा धीर सुटला आहे. अन्न पाठवल्याखेरीज इथे शिस्तीची भाषा करण्यात अर्थ नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

चाळणी महाग पडली

कामाची अट कशासाठी होती? खोटे गरजू ओळखण्यासाठी. ज्याची खरी उपासमार नाही तो बर्फात दगड फोडायला येणार नाही, असा हिशेब होता. व्यवहारात उलटे झाले. वजनदार शेतकऱ्याच्या ओळखीची माणसे यादीत शिरली. ज्यांच्या अंगात ताकद होती ती टिकली. खरा भुकेला, तापाने फणफणलेला, म्हातारा, लेकुरवाळी विधवा हे मापाचे काम करू न शकल्याने चाळणीतून खाली पडले. भुकेची परीक्षा म्हणून लावलेली अट प्रत्यक्षात ताकदीची परीक्षा ठरली.

दुसरे नुकसान शेतात दिसले. वसंत आला तरी लोक रस्त्यावर. शेतावर गेले तर आजची मजुरी जाते आणि बियाण्याचे बटाटे तर खाऊन संपलेले. १८४७ मध्ये रोग जवळजवळ आला नाही, पीक निरोगी निघाले. पण दोन वर्षांपूर्वीच्या मानाने जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याइतकीच जमीन बटाट्याखाली होती. देव पावला तेव्हा पेरलेलेच नव्हते.

शेवटी सरकारनेच हार मानली. मार्चच्या अखेरीस कामावरची माणसे एकदम वीस टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम निघाला आणि उन्हाळ्यापर्यंत कामे गुंडाळली. पर्यायी व्यवस्था अनेक गावांत तयार व्हायच्या आत मजुरी बंद झाली, तो मधला काळ फार वाईट गेला. ती पर्यायी व्यवस्था म्हणजे थेट शिजवलेले अन्न. लंडनच्या रिफॉर्म क्लबचे प्रसिद्ध आचारी अलेक्सिस स्वाये यांनी एप्रिलमध्ये डब्लिनला नमुन्याचे मोठे स्वयंपाकघर उभारले. गावोगावी कढया चढल्या. जुलै १८४७ मध्ये रोज तीस लाखांहून अधिक लोकांना अन्न मिळत होते. सूप पातळ होते, भांडे घेऊन रांगेत उभे राहणे लोकांना अपमानाचे वाटे. पण माणसे वाचली.

आता खर्च पाहा. रस्त्यांच्या कामांना सुमारे ४८ लाख पौंड लागले. अन्नछत्रांना सुमारे १७ लाख. जास्त माणसे जगवायला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पैसा पुरला. फुकट द्यायचे नाही या हट्टापायी मोजणीदार, मुकादम, कारकून आणि निरुपयोगी रस्ते यांवर जे गेले, ते धान्यावर गेले असते तर किती माणसे वाचली असती? हा प्रश्न आयरिश इतिहासकार आजही विचारतात.

एवढे चांगले चाललेले अन्नछत्रही शरद ऋतूत बंद झाले, कारण ते तात्पुरते ठरले होते. सगळा भार पुन्हा वर्कहाउसवर आला. नव्या कायद्यात सर विल्यम ग्रेगरी यांच्या सूचनेवरून एक कलम घातले गेले: पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सार्वजनिक मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पोरांच्या तोंडात घास हवा असेल तर अकरावा गुंठा सोड. हजारोंनी जमीन सोडली आणि जमिनीबरोबर छप्परही गेले. १८५१ च्या जनगणनेत लोकसंख्या ६५ लाखांवर आलेली होती. सुमारे दहा लाख लोक मेले आणि त्याहून अधिक देश सोडून गेले. ट्रेव्हेलियन यांना १८४८ मध्ये सरदारकी मिळाली.

ज्यांनी पुरावा मागितला नाही

या काळोखात काही वेगळी उदाहरणेही आहेत. कलकत्त्यात वर्गणी जमवून आयर्लंडला सुमारे १४ हजार पौंड पाठवले गेले. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळ रहिवासी जमातीला सोळा वर्षांपूर्वीच आपल्या भूमीतून हुसकले होते आणि वाटेत त्यांची हजारो माणसे मेली होती. त्यांनी १८४७ मध्ये १७० डॉलर जमवून दिले. कॉर्क परगण्यात मिडलटन इथे त्यांच्या आठवणीसाठी पोलादी पिसांचे शिल्प उभे आहे.

क्वेकर पंथाच्या मंडळींनी सरकारच्या आधीच सूप वाटायला सुरुवात केली होती. गॉलवेजवळच्या कोळ्यांनी पोटापायी जाळी गहाण टाकली होती. समुद्र समोर आणि मासे धरायला जाळे नाही. क्वेकरांनी ती जाळी सोडवून दिली. त्यांच्यापैकी डब्लिनचे मुद्रक रिचर्ड वेब यांनी मेयोच्या किनाऱ्यावर गावोगाव फिरून परिस्थितीचे अहवाल लिहिले. त्यांचे चिरंजीव आल्फ्रेड वेब १८९४ मध्ये मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते.

आयर्लंडचे सरकारी धोरणही पुढे थोडे शहाणे झाले. १८९१ मध्ये आर्थर बाल्फोर यांनी पश्चिमेच्या दाट वस्तीच्या, गरीब भागांसाठी वेगळे मंडळ स्थापले. धक्के बांधणे, मासळी खारवणे, विणकाम, चांगले बियाणे, जमीनदाराची इस्टेट विकत घेऊन ती कुळांमध्ये वाटणे अशी कामे त्याने केली. मेयोमधली फॉक्सफर्डची लोकरी गिरणी १८९२ मध्ये जोगिणींनी याच मंडळाच्या कर्जावर उभी केली. ती आजही चालते. निमोंच्या धक्क्यांपाशी सत्तर वर्षांनी सरकार परत आले, असे म्हणावे लागेल.

आपल्याकडे काय आले

१८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये पाऊस गेला. मुंबई सरकारने मोठी, टिकाऊ कामे काढली. दौंड-मनमाड रेल्वेचा भराव आणि नीरेचा कालवा ही त्यांतली ठळक. पण कलकत्त्याच्या सरकारला खर्चाची काळजी होती. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले होते आणि फार पैसा उधळला म्हणून बोलणी खाल्ली होती. आता दुष्काळी पाहणीवर आले तेव्हा तेच काटकसरीचे पुरस्कर्ते झाले. मजुराला एक रतल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, एवढीच मजुरी ठरली. आयर्लंडच्या हिशेबाची ही सख्खी भावंडे. कामांवरच्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला वृत्तांतामागून वृत्तांत पाठवले आणि मजुरांची बाजू मांडली.

त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगावर जेम्स केअर्ड हे शेतीतज्ज्ञ होते. त्यांनीच १८४९ मध्ये दुष्काळाने उजाड झालेला पश्चिम आयर्लंड फिरून पाहिला होता. आयोगाच्या अहवालातून दुष्काळ-नियमावली झाली. चाळणी तिच्यातही होती, पण एक नवी गोष्टही होती: सरकारने केव्हा काय करायचे, हे आता छापील होते. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्यांनी आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी ते छापील नियम मराठीत शेतकऱ्यांपर्यंत नेले. मदत हा उपकार नाही, ती मागता येते, असे त्यांनी गावोगाव सांगितले. सरकारला हे इतके खुपले की पुढच्या वर्षी सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली. छप्पनियोच्या वेळी आपल्या सयाजीराव महाराजांनी दुष्काळी भागांचा स्वतः दौरा केला आणि त्यावरची टिपणे १९०१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. संस्थानिकाने स्वतः जाऊन पाहायचे आणि पाहिलेले जगापुढे ठेवायचे, हे त्या काळात रूढ नव्हते.

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात एका वेळी जवळजवळ पन्नास लाख माणसे कामांवर होती. आयर्लंडच्या सात लाखांपेक्षा आकडा कितीतरी मोठा. पण आयर्लंडसारखा संहार झाला नाही. त्या अनुभवातून, आणि वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेल्या कल्पनेतून, रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाहीतर भत्ता द्यायचा. त्याचेच मोठे रूप २००५ मध्ये साऱ्या देशासाठी झाले आणि त्यात मजुरी पंधरवड्याच्या आत मिळाली पाहिजे असेही लिहिले गेले.

हा पंधरवडा कायद्यात सहज आलेला आकडा वाटतो. डेनिस मॅकेनेडीची मजुरी तेवढीच थकली होती. कायद्यात लिहिले म्हणून पैसे वेळेवर मिळतातच असे नाही. मजुरी रखडल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. तेव्हा ही बातमी किरकोळ समजून पान उलटू नये.

आपल्यासारखी मंडळे, विश्वस्त संस्था, शिष्यवृत्ती समित्या मदतीचे अर्ज घेतात. खोटा अर्जदार निसटू नये म्हणून एकेक दाखला वाढत जातो. दाखले हवेतच, लोकांच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. पण प्रत्येक नव्या अटीच्या वेळी एवढे विचारून घ्यावे की, या अटीने कोण गळेल? आयर्लंडमध्ये ज्याच्या अंगात दगड फोडायची ताकद उरली होती तो यादीत राहिला, आणि जो तापाने घरात पडला होता त्याचे नाव कटले. मेयो, क्लेअर, गॉलवेच्या टेकड्यांवर त्या यादीतल्या माणसांनी केलेले रस्ते अजून दिसतात. त्यांतले काही एखाद्या दलदलीच्या काठाशी, पुढे काहीच नसताना, थांबतात.